डोक्यावरच्या काचेला टफन्ड पुरत नाही
वर एकांनी लिहिलंय की छताला आणि जिन्याच्या कठड्याला टफन्ड (तापवून झटकन थंड करून मजबूत केलेली) काच पुरते. मला हे धोक्याचं वाटतं. टफन्ड काच फुटली की बारीक तुकडे होतात हे खरं, पण ते सगळे खाली कोसळतात, कधी कधी चिकटलेल्या ढेकळांसारखे. आणि कठड्याच्या जागी उरते नुसती पोकळी. याउलट लॅमिनेटेड काचेत दोन काचांच्या मध्ये पीव्हीबी या पारदर्शक, चिवट प्लास्टिकचा थर असतो, जाडी बहुधा ०.३८ मिमीच्या पटीत. काच तडकली तरी तुकडे त्याला धरून राहतात. शिवाय तो थर जवळपास सगळे अतिनील किरण अडवतो. मात्र उघड्या कडांशी पाणी साचू देऊ नका, थर तिथूनच सुटायला लागतो.