संदर्भसूची अकारविल्हे लावताना नोंदी तुटतायत, काय करावं?

सोलापूरकर_अभ्यासक:
नमस्कार मंडळी, प्रबंध सोलापुरातल्या १९३० च्या मार्शल लॉवर आहे, लिहून झालाय, फक्त संदर्भसूचीवर अडलंय. वर्डमध्ये सगळं सिलेक्ट करून सॉर्ट केलं की लेखक एकीकडं, पुस्तकाचं नाव दुसरीकडं आणि प्रकाशक पार तिसऱ्याच पानावर. गाईड सरांना आडनावाप्रमाणं यादी पाहिजे. एकेक नोंद हातानं उचलून लावायची का आता?

डीटीपीवाला_साखरपेठ:
हातानं नका लावू ओ. सॉर्ट ओळीवर चालत नाही, पॅराग्राफवर चालतं, आणि तुमच्या नोंदीत प्रत्येक ओळीनंतर एंटर असणार म्हणजे एका नोंदीचे तीन पॅरा झाले, ते तीन ठिकाणी जाणारच. होम टॅबवरचं ¶ चिन्ह चालू करा, लगेच दिसेल. एका नोंदीला एकच एंटर, तोही शेवटी. दोन नोंदींमध्ये रिकामी ओळ असेल तर काम सोपं आहे: फाईंड-रिप्लेसमध्ये मोअर, मग स्पेशलमधून पॅराग्राफ मार्क दोनदा घ्या आणि त्याजागी @@ टाका, मग उरलेल्या एकेका मार्कच्या जागी स्पेस, शेवटी @@ च्या जागी परत पॅराग्राफ मार्क. आधी फाईलची कॉपी ठेवा मात्र. दुसरी ओळ आत घ्यायला टॅब मारू नका, कंट्रोल टी दाबा.

वाचनालय_ताई:
आडनाव आधी आहे ना? आणि नावापुढचं डॉ., प्रा. काढा, नाहीतर सगळे डॉक्टर ड मध्ये जमा होतील. हातानं टाईप केलेले १, २, ३ पण काढा.

सोलापूरकर_अभ्यासक:
ताई, डॉ. बरेच होते, काढले. नोंदी आता तुटत नाहीत, लई आभार! पण अर्ध्या नोंदी जुन्या फॉन्टमधल्या आहेत, त्या कुठंही जातायत.

डीटीपीवाला_साखरपेठ:
त्या आधी युनिकोडमध्ये करून घ्या, म्हणजे प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा ठरलेला कोड असतो त्या पद्धतीत. जुन्या फॉन्टमध्ये दिसतं मराठी पण आत इंग्रजी अक्षरांचे कोड असतात, सॉर्ट त्यावरच होतं.

वाचनालय_ताई:
सॉर्ट झाल्यावर ळ आणि क्ष डोळ्यांनी तपासाच. आपल्या वर्णमालेत ळ हा ह नंतर येतो, युनिकोडमध्ये तो ल आणि व च्या मधे बसवलाय, त्यामुळं कासारच्या आधी काळे आलेले दिसू शकतात, खरं तर कासार आधी पाहिजे. क्षीरसागर पण क मध्ये सापडतील, कारण क्ष म्हणजे आत क आणि ष च. त्यांना शेवटी घ्यायचं की क मध्येच ठेवायचं हे गाईडना विचारा, पण एकदा ठरलं की पूर्ण यादीत तसंच. इंग्रजी पुस्तकांची यादी वेगळी करा आणि ती वेगळीच सॉर्ट करा.