अनुभव धागा : "भाऊ, स्कॅनर कुठे आहे?"

परवा सकाळी नागपुरात कस्तुरचंद पार्कजवळ तर्री-पोहे हाणले. पैसे द्यायला फोन काढला, तर चक्री फिरतेच आहे. खिशात रोख म्हणाल तर एक रुपया नाही. पोहेवाले म्हणाले, "राहू द्या जी, उद्या द्या." चाळीस रुपयांची उधारी करून घरी आलो. माझ्या आजोबांची महाल भागात उधारी असायची, पण ती वाण्याकडे आणि महिन्याची. पोह्यांची उधारी करणारा घराण्यातला पहिला मीच.

तर मंडळी, फोनने पैसे द्यायची-घ्यायची सवय तुम्हाला कधी लागली? आणि ठेच कुठे लागली? बँकेचं, अ‍ॅपचं, माणसाचं नाव नको. रक्कम आणि फजिती मोकळेपणाने लिहा.

मानकापूर

माझी तारीख पक्की आहे : १४ एप्रिल २०१७. मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होतो. पंतप्रधान दीक्षाभूमीवर येऊन गेले आणि आमच्या इथल्या क्रीडा संकुलात डिजिधन मेळावा झाला, रोखीशिवायच्या व्यवहारांच्या प्रचाराचा. भीम-आधारची, म्हणजे आधार आणि अंगठ्यावर पैसे द्यायच्या सोयीची, सुरुवात तिथलीच. सोडतीतलं एक कोटीचं बक्षीस लातूरच्या एका मुलीला मिळालं, तिने मोबाइलच्या हप्त्याचे १५९० रुपये कार्डाने भरले होते म्हणून. ते ऐकून घरी आलो आणि बाबांच्या फोनमध्ये पैसे पाठवायचं भीम अ‍ॅप टाकून दिलं.

बाबा नोटाबंदीत रांगेत उभे राहिलेले, त्यामुळे बँकेवरच राग. दोन महिने हात लावला नाही. मग एक दिवस मला १ रुपया पाठवला. मी परत केला. त्यांनी पुन्हा पाठवला. आठवडाभर आम्ही बापलेक एकच रुपया इकडून तिकडे फिरवत होतो. आता ते दूधवाल्यालाही फोनवरच देतात आणि मलाच म्हणतात, "रोख कायले बाळगतोस?"

सीताबर्डी, साड्यांचं दुकान

२०२१ची दिवाळी. दुकानात पाय ठेवायला जागा नाही. एक जोडपं आलं, अगदी घरंदाज. दोन साड्या, ३८०० रुपये. त्याने स्कॅन केलं, हिरवी टिक आणि माझ्या दुकानाचं नाव स्क्रीनवर दाखवलं. मी पिशवी दिली. रात्री हिशोब जुळेना. तसं दिसणारं खोटं अ‍ॅप असतं, त्यात नाव आणि रक्कम आपणच भरायची, हे मला पुतण्याने नंतर सांगितलं.

दुसऱ्याच आठवड्यात बोलका डबा घेतला, पैसे आले की रक्कम बोलून सांगणारा. त्याचं सिम वेगळं असतं, माझा फोन घरी राहिला तरी बोलतो. आता नियम एकच : डबा बोलल्याशिवाय पिशवी सुटत नाही. चांगल्या गिऱ्हाइकाला राग येतो. येऊ दे.

ऑटो, बर्डी ते वाडी

सवारी बसताना म्हणते फोनपे करतो, अन् उतरताना म्हणते नेट नाई चालून रायलं. मी आता शंकरनगरलेच विचारून घेतो. डबा ऑटोत चालत नाई, गाड्यांच्या गोंगाटात काय आयकू येते! मेसेज पाहाले चष्मा काढा, तवर मांगून हॉर्न. पण एक सांगतो, चिल्लरची कटकट गेली. आधी दाहा रुपयासाठी रोज भांडण होतं.

त्रिमूर्तीनगर

माझी ठेच कूलरची. एप्रिलमध्ये जुना कूलर विकायला टाकला. 'फौजी' म्हणून एकाचा फोन, बदली झाली आहे, पैसे लगेच पाठवतो. अ‍ॅपवर २००० रुपये मागणारी विनंती आली आणि तो म्हणाला, "स्वीकारायला पिन टाका." टाकला. पैसे आले नाहीत, गेले. घ्यायला पिन लागत नाही, हे मी बीकॉम असून मला २००० देऊन समजलं. माणसा-माणसातली ती विनंतीची सोय १ ऑक्टोबर २०२५ पासून बंदच केली आहे म्हणे. माझा कूलर त्याआधीच्या उन्हाळ्यातला.

धागाकर्ता

बीकॉमला आम्ही नावं ठेवत नाही. माझा एमएस्सी झालेला मेव्हणा याच चालीने दोनदा फसला.

सदर, कार्डाच्या मशीन बसवतो

रोज एक तरी दुकानदार मला तो व्हिडिओ दाखवतो, गर्दीत खिशाला मशीन घासली आणि पैसे गेले. अहो, टॅपला, म्हणजे कार्ड किंवा फोन मशीनजवळ नुसता धरून पैसे द्यायला, अंतर लागतं साधारण चार सेंटिमीटर. आणि फोनने टॅप केलंत तर मशीनला तुमचा खरा कार्ड नंबर जात नाही. त्याच्या जागी टोकन, म्हणजे बदली नंबर जातो, सोबत त्या एका व्यवहारापुरता कोड. तो कुणी पकडला तरी दुसऱ्यांदा चालत नाही. काळजी करायचीच तर पाकिटातल्या कार्डाची करा. ५००० पर्यंत पिन विचारला जात नाही (१ जानेवारी २०२१ पासून, आधी २००० होते), आणि हरवलेल्या कार्डाला फोनसारखं कुलूप नसतं. बँकेच्या अ‍ॅपमध्ये टॅप बंद करता येतं, मर्यादा खाली आणता येते. मी ७०० ठेवली आहे.

पण खरं सांगू? टॅप इथे बोटावर मोजण्याइतके लोक करतात. मॉलमध्ये, पेट्रोलपंपावर. बाकी सगळं गाव स्कॅन करतं. कारण साधं आहे. मशीन महाग आणि कार्डावर दुकानदाराला कट बसतो. यूपीआयवर जानेवारी २०२० पासून तो शून्य, आणि स्कॅनर म्हणजे क्यूआर कोड छापलेला कागद. कागदाला चार्जिंग लागत नाही. फक्त त्यावर कुणी दुसरा कागद चिकटवला नाही ना, हे सकाळी दुकान उघडताना पाहून घ्या. माझ्या ओळखीच्या एका चहावाल्याची अख्खी सकाळ दुसऱ्याच्या खात्यात गेली होती.

हिंगणा

पोह्यांची उधारी करणाऱ्या धागाकर्त्यासाठी : यूपीआय लाइट चालू करून ठेवा. फोनात ५००० पर्यंत भरून ठेवायचे, एका वेळी १००० पर्यंत पिनशिवाय जातात. नेट लागतंच, पण बँकेचा सर्व्हर झोपला असला तरी पोह्यांचे पैसे जातात. फोन मात्र कुलूपबंद ठेवा, त्यातले पैसे पाकिटातल्यासारखेच.

कळमना, फळांचा व्यापार

माझी गोष्ट चोरीची नाही, त्यामुळे ती कुणाला सांगावी तेच कळत नाही. गेल्या वर्षी संत्र्यांच्या मृगबहाराच्या हंगामात एका सकाळी शेतकऱ्याला पैसे पाठवायला गेलो, जाईनात. बँकेत गेलो तर खातं गोठवलेलं. का? दुसऱ्या राज्यातल्या सायबर पोलिसांचं पत्र. कुणीतरी कुणाला तरी फसवलं, तो पैसा चार खात्यांतून फिरला, आणि त्यातले १२०० रुपये दोन पेट्या संत्र्यांचे म्हणून माझ्याकडे आले. गिऱ्हाइकाचं तोंडही आठवत नाही. डबा बोलला, मी पेट्या दिल्या.

बाराशेसाठी अख्खं खातं बंद! गाडीभाडं, हमाली, शेतकऱ्याचे पैसे, सगळं त्यातच. पावतीपुस्तक, दिवसाची आवक, दुकानाचा परवाना, सगळे कागद त्या पोलीस ठाण्याला ई-मेलने पाठवले. बँकवाले म्हणाले, तिकडून पत्र आलं की बघू. तिकडचे म्हणाले, बँकेला कळवलं आहे. एकोणीस दिवस. शेवटी फक्त बाराशे अडकवून बाकीचं मोकळं केलं.

तेव्हापासून स्कॅनरचं खातं वेगळं आणि धंद्याचं वेगळं. रोज संध्याकाळी पैसे इकडून तिकडे करतो. आणि पावती फाडतो, दोन पेट्यांचीही.

धागाकर्ता

हे मला माहीतच नव्हतं. फसवणूक म्हटलं की आपण पैसे गेलेल्याचाच विचार करतो, विकणाऱ्याचा कोण करतो?

प्रतापनगर, निवृत्त शिक्षिका

मी नाव लिहिणार नव्हतेच, बरं झालं. डिसेंबरात लग्नपत्रिका आली मोबाइलवर, ओळखीच्याच नंबरवरून. उघडली तर काहीतरी 'इन्स्टॉल' म्हणालं. हो म्हटलं. मेसेज वाचायची परवानगी मागितली. हो म्हटलं. पत्रिका काही दिसली नाही. मला वाटलं, माझाच फोन जुना. तासाभराने बँकेचे मेसेज, ४६ हजार गेले. ओटीपी मी कुणालाही सांगितला नव्हता. ती फाइलच माझे मेसेज वाचून तिकडे पाठवत होती. ज्यांच्या नंबरवरून पत्रिका आली, त्यांचाही फोन असाच गेला होता.

सुनेने पहिला फोन बँकेला नाही, १९३० ला, सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकाला लावला. मग बँक, मग तक्रार. पुढच्या खात्यात ३१ हजार अडकले, ते काही महिन्यांनी परत आले. पंधरा गेले ते गेलेच. मेसेज आल्यावरचा अर्धा तास मीच घालवला, सुनेला सांगू की नको या विचारात. चाळीस वर्षं पोरांना 'चुकलं तर सांगत जा' म्हणणारी मी!

धागाकर्ता

बाई, लिहिलंत ते फार बरं केलं. रिझर्व्ह बँकेचा जुलै २०१७चा नियम आहे. चूक ना बँकेची ना आपली, आणि तीन कामाच्या दिवसांत कळवलं, तर भुर्दंड आपल्यावर नाही. ओटीपी आपण सांगितला असेल, तर मात्र कळवेपर्यंतचं नुकसान आपलं. तुमच्या बाबतीत बँक काय म्हणाली?

प्रतापनगर, निवृत्त शिक्षिका

'हो' तुम्हीच दाबलं म्हणाली. तक्रार चालू आहे.

गोकुळपेठ बाजार, आईच्या वतीने मुलगी

आई भाजी विकते, ती सांगते तसं लिहिते.

"लोकं नोट देणं बंद झाले तेव्हा पोराने त्याच्या नावाचा स्कॅनर आणून लावला. दिवसभर मी ओरडून भाजी विकायची आणि पैसे त्याच्या फोनात. संध्याकाळी माझ्या बटव्यात सत्तर-ऐंशी रुपये. कळमन्याला पहाटे माल भरायला त्याच्याकडेच मागायचे. तो वाईट नाही, पण मागावं तर लागतंच ना बाप्पा. नवऱ्याला कधी मागितले नाही ते पोराला मागू लागले.

मग पोरीने माझ्या जनधन खात्याचा स्कॅनर काढून दिला. डबाही माझ्याच नावाचा. पहिल्या दिवशी तो बोलला तेव्हा बाजूची म्हणे, 'तुझ्या पैशाला वाचा फुटली.' आता फक्त आवाज कमी ठेवते. पोराचा ठेला समोरच आहे, त्याला ऐकू जाते."