अनुभव धागा: सेवेत टिकून राहिलेली आपली माणसं

घोंगडी_जालना:
सलाम सगळ्यांना. दिवाळीआधी घराला चुना मारायचा म्हणून पोटमाळ्यावरची पत्र्याची पेटी खाली काढली तर तळाशी आज्जाची काळी घोंगडी निघाली. मधोमध रुपयाएवढं भोक, कडा जळालेल्या. मी तिथंच बसून राहिलो, बायको म्हणली चुना वाळायलाय, उठा.

आज्जा इव्हँजेलिस्ट होते, म्हणजे गावोगाव जाऊन सुवार्ता सांगणारे, भोकरदन-जाफराबादकडची सात गावं त्यांच्याकडं. सायकल नंतर आली, आधी सगळं पायी. ७२ च्या दुष्काळात पगार चार-चार महिने यायचा नाही आणि मंडळी तर सगळी रोजगार हमीच्या कामावर, मग उपासना कुणासाठी घेणार? म्हणून आज्जा पण खडी फोडायला गेले. मुकादम सगळ्यांसमोर म्हणायचा, काय ओ साहेब, तुमचा देव पगार देईना का? आज्जा म्हणायचे हजेरी लाव आधी. रविवारी खडीच्या ढिगावरच प्रार्थना व्हायची, सुकडी खायच्या आधी, दहा मिनिटं, कारण त्याहून जास्त वेळ मुकादम बसूच द्यायचा नाही.

भोकाची गोष्ट अशी की एका गावात रात्री भजन चालू असताना कुणीतरी मागून पेटता बोळा फेकला. घोंगडी अंगावर होती म्हणून निभावलं. कुणी फेकला ते आज्जानं कधी सांगितलं नाही, पुढच्या महिन्यात परत त्याच गावात गेले. आज्जीला मात्र माहीत होतं. आज्जानं माफ केलं, आज्जीनं नाही. मरेपर्यंत तिनं त्या गावचं पाणी पिलं नाही. जायची आज्जाबरोबर, पण घरून तांब्या भरून.

परवा पौलाचं तीमथ्याला दुसरं पत्र वाचलं, शेवटचा अध्याय. तुरुंगातून एवढं मोठं पत्र लिहितो आणि मधेच, त्रोवसात कार्पाजवळ माझा झगा राहिलाय तो येताना घेऊन ये, हिवाळ्याच्या आत ये. इतक्या वेळा वाचलं पण थंडी वाजायलती माणसाला हे आत्ता घोंगडी हातात धरल्यावर कळलं.

तुमच्या घरातलं सांगा. पाळक, बायबलबाई, संडे स्कूलचे मास्तर, कुणीही चालेल.

बीडची_लेक:
अगं बाई रडवलंत सकाळी सकाळी. माझे पप्पा पाळक, आम्ही चार बहिणी. एका गावी ७ महिने पगार नव्हता, मंडळीत सगळे ऊसतोड, दसरा झाला की अख्खं गाव कारखान्याला, मागं म्हातारी माणसं आणि आम्ही. रविवारी सहा जणं समोर, त्यातल्या चार आम्ही. पप्पा तरी पूर्ण उपदेश करायचे तीन मुद्द्यांचा. मम्मीनं कानातलं मोडलं, मशीन घेतली, पोलक्याचे आठ आणे घ्यायची. पप्पा सगळ्यांना साक्ष सांगायचे देवानं पुरवलं देवानं पुरवलं आणि मम्मी आतून म्हणायची, हो आणि देवानं बटणं पण लावली. 😄

मी पण तिच्यासारखीच झाले बहुतेक. कुकर झाला, नंतर लिहिते.

पूर्णा_जंक्शन:
ऊसतोडीचं बरोबर आहे. आमचे पाळक तर मागं मागं कारखान्यावर जायचे, पालात उपासना. आम्ही रेल्वेवाले, पूर्णेला क्वार्टर होतं. तेव्हा मीटरगेज, पाळकसाहेब पॅसेंजरनं परभणी, मानवत रोड असं करत उतरत जायचे, एका स्टेशनला प्रार्थना करून पुढची गाडी. गाडी लेट म्हणून तीन तास फलाटावर बसले की तिथंच हमाल लोकांची पत्रं लिहून द्यायचे. गाड्यांचं काय सांगावं, त्या काळच्या इंजिनाचा वास अजून आठवतो, माझे वडील फायरमन होते, लोकोशेडमधले भजी मिळायचे

बीडची_लेक:
@पूर्णा_जंक्शन भज्यावरच थांबले तुम्ही 😄

पूर्णा_जंक्शन:
ड्युटी लागली होती ताई. रिटायर झालो तरी घरी ड्युटी आहेच, नातवाला शाळेतून आणायचं.

माळवद:
मी औशाचा. ९३ चं सांगतो. ३० सप्टेंबर, आदल्या रात्री गणपती बुडवून लोक झोपले होते, पहाटे चारच्या आत किल्लारी आणि आजूबाजूची गावं बसली. दगडमातीच्या दोन-दोन हात जाड भिंती, वर माळवद, त्यात माणूस सापडला की संपलं. माझे काका पाळक होते, दुसऱ्या दिवशी टेम्पो घेऊन निघाले, घोंगड्या, पोळ्या, एक मोठं पिंप पाण्याचं. मी १७ वर्षांचा, मला पण घेतलं. पाऊस सुरू होता. वास अजून जात नाही नाकातून, जास्त लिहीत नाही.

एक म्हातारा ढिगाऱ्यावर बसलेला, त्यानं काकांच्या गळ्यातला क्रूस बघितला न् म्हणला, आम्हाला बाटवायला आलाव का? काका म्हणले बाबा आधी हे लाकूड धरा. दोघांनी मिळून तुळई उचलली. खाली त्याची सून होती. गेलेली.

बारा दिवस काका तिथं होते, बायबल पिशवीतून एकदा पण काढलं नाही. लोकांनी विचारलं तर सांगायचे मी पाळक आहे, नाही विचारलं तर नाही. परत आल्यावर कमिटीच्या मीटिंगमध्ये विचारलं, सभा का घेतली नाही, पत्रकं का वाटली नाही, एवढी संधी होती. संधी म्हणले ओ! काका एक शब्द बोलले नाहीत. पुढच्या वर्षी बदली केली, लई लांब. काकू म्हणायची भूकंपानं नाही हाललो, मीटिंगनं हाललो.

जेवणखाण:
@माळवद 🙏 काय बोलावं.
विरोध बाहेरचा परवडला, आतला नाही. आमच्याकडं जमिनीवरून कोर्टात केस, दोन पार्ट्या, एका रविवारी दोन कुलपं चर्चला. पाळकानं बाहेर लिंबाखाली उपासना घेतली तर दोन्ही पार्ट्या नाराज, हा त्यांच्याकडून आहे म्हणून.

भीमनगर_परभणी:
मी ख्रिश्चन नाही, बौद्ध आहे, लिहिलं तर चालेल का? १९७८ ला विधिमंडळात विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाड्यात आमच्या वस्त्या जाळायला सुरुवात झाली. मी आईच्या कडेवर होतो. गावात एक ख्रिस्ती मास्तर होते, संडे स्कूल घ्यायचे, एक खोली, वर पत्रे. त्यांनी आमची अकरा माणसं त्या खोलीत चार दिवस ठेवली. बाहेर विचारायला आले तर म्हणले प्रार्थना चाललीय, आणि खरंच आतून आवाज यावा म्हणून सगळ्यांना गाणं म्हणायला लावायचे. आईला येशूचं एक भजन शेवटपर्यंत पाठ होतं, आणि ती रोज त्रिशरण घेणारी बाई!

नंतर गावानं मास्तरांना किराणा बंद केला, दळण बंद केलं. ते पोतं सायकलवर घेऊन नऊ किलोमीटर गिरणीला जायचे वर्षभर. नामांतर १४ जानेवारी १९९४ ला झालं तेव्हा आईनं त्यांच्या घरी पुरणपोळ्या पाठवल्या, तोवर मास्तर गेले होते, मास्तरीणबाईंनी घेतल्या.

घोंगडी_जालना:
@भीमनगर_परभणी दादा चालेल काय विचारता. वाचून सुन्न झालो.

येसर_आमटी:
एवढं जड वाचून मला माझं लिहायची लाज वाटायलीय पण लिहिते. आमच्या गावी कापणीच्या सणाला लिलाव. एका मावशीनं कोंबडा अर्पण केला, पाळकसाहेबांनी वेदीपाशी धरला न् तो सुटला, पेटीवर बसला, पेटी वाजवणारा पळाला. शेवटी पाळकसाहेबांनी झग्यात पकडला. लिलावात कुणीच बोली लावेना, मग स्वतःच घेतला ४० रुपयाला, त्या महिन्याचा किराणा त्यातच गेला म्हणे. कोंबडा तीन वर्षं जगला, कापायची हिंमतच झाली नाही, अर्पणाचा होता ना.

बीडची_लेक:
😂😂 @येसर_आमटी नावावरून विचारते, येसर घरी करता का विकत? मला तो लातूरकडचा वास कुठं मिळत नाही पुण्यात.

येसर_आमटी:
घरी. ज्वारी, गहू, हरभऱ्याची डाळ, धने, मिरची, सगळं वेगवेगळं भाजायचं, घाई करायची नाही. इनबॉक्समध्ये ये.

नाव_नको:
मी आत्ताचं सांगते, जुनं नाही. नवरा पाळक, तालुक्याचं ठिकाण, घरातच उपासना, पंधरा-वीस माणसं. मागच्या वर्षी पोरं आली मोबाईल चालू ठेवूनच, किती पैसे देता माणशी, कुणाला बाटवलं नावं सांगा. आमच्याकडं आलेल्या एका आजीनं सांगितलं मी गुडघ्याची प्रार्थना करायला येते बाबा, तिचंच आधार कार्ड मागितलं. मग पोलीस स्टेशन. संध्याकाळी सात ते रात्री दोन बाकड्यावर बसवलं, लेक मांडीवर झोपलेली. एका हवालदारानं तिच्यासाठी दूध आणून दिलं ते पण लिहायला पाहिजे. गुन्हा काही दाखल झाला नाही पण व्हिडिओ गावभर फिरला, आणि घरमालक चांगला माणूस असूनही म्हणला वहिनी मला इथंच राहायचंय. एका वर्षात तिसरं घर आहे हे. दर वेळी गॅसचा पत्ता बदला, शाळेची व्हॅन बदला.

सगळे म्हणतात पाळकसाहेब किती खंबीर. खंबीर असायला काय, रात्री तीनला उठून खिडकीपाशी उभे असतात. मीच म्हणते सोडू या, माझ्या भावाचं दुकान आहे, तिकडं जाऊ. ते हो पण म्हणत नाहीत नाही पण म्हणत नाहीत. रविवार आला की सतरंज्या घालतात. मी पण घालते, काय करणार, माणसं येतात ना. गुडघ्यावाली आजी पण येते.

बीडची_लेक:
ताई 🙏 काही लागलं तर मेसेज कर, खरंच.

जेवणखाण:
वकील पाहिजे असेल तर ओळखीतले आहेत. आधी लेखी तक्रार देऊन पोच घ्या, फार कामी येते.

कागदावर:
मी जरा वेगळं लिहितो, राग नका धरू. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जाती फक्त हिंदूंसाठी, मग १९५६ ला शिखांना, १९९० ला बौद्धांना त्यात घेतलं, आपण बाहेर. मंडळीतल्या अर्ध्या घरांनी शाळेत धर्म हिंदू लावला, घरी येशू, कागदावर जुनी जात. मी कुणाला नावं ठेवत नाही. पण माझे वडील पाळक, त्यांनी आमच्या दाखल्यावर ख्रिश्चन लिहिलं. हेडमास्तर त्यांच्या भल्यासाठी म्हणले होते, पुन्हा विचार करा. माझी इंजिनिअरिंगची सीट चार मार्कांनी गेली. चुलतभावाची लागली, तो आज मोठा अधिकारी आहे, नाताळला गपचूप येतो.

वडिलांशी मी बरीच वर्षं नीट बोललो नाही. विश्वासू राहिले ते, किंमत माझ्याकडून घेतली, मला विचारलं नाही. ते वारल्यावर पेटीत माझी मार्कशीट निघाली, प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी घालून ठेवलेली. कामून ठेवली असेल? अजून कळलेलं नाही.

माळवद:
@कागदावर राग कशाला. बरं झालं लिहिलंत.

देमास:
हे नाव मुद्दाम घेतलंय. वर सांगितलेल्या त्याच पत्रात पौल आपल्या सोबत्याबद्दल लिहितो ना, देमास मला सोडून थेस्सलनीकास गेला. माझे मामा सेवा सोडून गेले, १४ वर्षांनी. पोरगी आजारी होती, औषधाला पैसे नव्हते, कमिटीकडं ॲडव्हान्स मागितला तर विश्वास कमी पडायलाय म्हणून प्रार्थना करून दिली. मामांनी राजीनामा दिला न् जालन्यात बियाण्याच्या कंपनीत चिकटले. पोरगी वाचली. मंडळीत त्यांचं नाव निघालं की लोक अजून च्च करतात. दर रविवारी मागच्या बाकावर बसतात, कुणी मेलं की आधी तेच जातात, खड्डा खणायला उभे राहतात. देमासाची बाजू कुणी लिहूनच घेतली नाही.

पूर्णा_जंक्शन:
नातू आणला. @घोंगडी_जालना तुम्ही बेथेलचे का? नारायण शेषाद्रींनी वसवलेलं? माझ्या आजीचं माहेर तिकडचं.

घोंगडी_जालना:
नाही, पण आज्जी तिकडचीच. आज्जा शेषाद्रींचं सांगायचे, मुंबईत १८४३ ला बाप्तिस्मा झाला, धाकटा भाऊ श्रीपत पण मिशनऱ्यांकडं आलता तर वडिलांनी कोर्टात जाऊन पोराला परत नेलं, मग त्याला जातीत घ्यायचं का नाही यावर सगळी मुंबई भांडली, बाळशास्त्री जांभेकर घ्या म्हणणाऱ्यांत. पुढं शेषाद्री जालन्याला आले, निजामाच्या दिवाणानं, सालारजंगानं जमीन दिली, तिथं बेथेल उभं राहिलं. आज्जा म्हणायचे भाऊ गमावून गाव वसवलं माणसानं. आज्जी म्हणायची त्यांच्या आईला विचारा.

येसर_आमटी:
तुमची आज्जी मला लई आवडली 😄 घोंगडी धुऊ नका हं, आटेल. ऊन दाखवा न् कडुलिंबाचा पाला घालून ठेवा. भोक तसंच ठेवा.

बीडची_लेक:
आणि ते गाव कुठलं ते सांगा की, पाणी न पिण्याचं.

घोंगडी_जालना:
नाव नाही सांगत, आता तिथं आमची सोयरीक आहे. चुलत बहीण दिलीय, चांगली माणसं आहेत. आज्जी असती तर लग्नाला आली असती, पण बिसलेरी घेऊन.