बाग नव्याने होणार म्हणे, पण लोकांना विचारायचं कसं?

पर्वतीपायथा:
नमस्कार मंडळी. पुण्यात आमच्या चार सोसायट्यांच्या मधोमध महापालिकेची एक बाग आहे. बाग म्हणजे एक घसरगुंडी, दोन झोपाळे आणि मागे मातीचं मोकळं मैदान. २५ वर्षं झाली, आता तिचं वय झालंय. नव्याने करायचं घाटतंय आणि 'रहिवाशांच्या सूचना गोळा करा' हे काम माझ्या गळ्यात पडलंय. (मी घरून काम करतो, म्हणजे मला काम नसतं, असा सार्वत्रिक समज.)

रविवारी सकाळी दहाला मीटिंग बोलावली. फ्लॅट जवळपास २५०, आले ११ जण. त्यातले ९ ज्येष्ठ नागरिक संघाचे. मागण्या: चालायला ट्रॅक, ओपन जिम, बाक आणि 'पोरांचा बॉल लागतो त्याचं काहीतरी करा'. मग गूगल फॉर्म फिरवला. १७ उत्तरं आली, त्यातली ३ आमच्याच घरातली. ही यादी 'रहिवाशांचं मत' म्हणून द्यायला मन धजत नाही. कुणी केलंय का असं काम?

लोकलकर:
नोटिशीत 'अल्पोपाहाराची सोय आहे' एवढं घाला. आमच्या सोसायटीत त्यानंतर कोरम कधी अडला नाही.

गोदाकाठची:
अल्पोपाहाराने माणसं येतात, पण तीच ती येतात.

आम्ही नाशिकला सहा वर्षांपूर्वी हे केलं. आमचीही पहिली मीटिंग तुमच्यासारखीच फसली होती. मग माझ्या जावेने सुचवलं, की लोकांना बोलवायचं सोडा, आपणच जाऊन बसू. आम्ही तिघींनी एक बुधवार आणि एक रविवार वाटून घेतला. दोनशे पानी वही, दर तासाला नोंद: कोण आलं, कुठे बसलं, काय केलं. नावं नाही लिहायची, फक्त 'आजी २, कडेवर बाळ १' असं.

सकाळी सहा ते आठ चालणारे, हे ठाऊकच होतं. पण अकरा वाजता धुण्याभांड्याच्या दोन घरांमधल्या वेळात पाच-सहा बायका करंजाच्या सावलीत डबा खायला येतात, हे तिथे राहून आम्हाला कधी दिसलं नव्हतं. त्यांना विचारलं, काय हवं? म्हणाल्या, नळ. आणि संडासाला कुलूप नको. आमच्या आधीच्या यादीत कारंजं होतं, नळ नव्हता!

दुसरी गोष्ट मुलींची. आठ-नऊ वर्षांपर्यंतच्या मुली दिसत होत्या. बारा-तेराच्या एकदम गायब. मैदानभर क्रिकेट, आणि झोपाळ्यावर बसल्या की 'एवढी मोठी झालीस' म्हणून कुणीतरी टोकतं. त्यांना घोळक्यात विचारलं तर नुसत्या हसल्या. जावेने शिकवणीच्या वाटेवर दोघी-दोघींना गाठलं तेव्हा बोलल्या: मोठ्यांसाठी वेगळा झोपाळा, बॅडमिंटनला आखलेली जागा, संध्याकाळी त्या कोपऱ्यात दिवा. यातलं काहीच महाग नव्हतं.

आणि सगळ्यात उपयोगी पडली ती फक्की, म्हणजे मैदान आखायची पांढरी भुकटी. ओळखीच्या एका आर्किटेक्टने फुकट नकाशा काढून दिला होता. सुंदर होता, पण आमच्यातल्या निम्म्यांना तो कळलाच नाही. सगळे माना डोलवत होते. मग नकाशातला ट्रॅक, लहान मुलांचं कुंपण, बाक हे सगळं खऱ्या मापात फक्कीने जमिनीवर आखलं आणि आठवडाभर तसंच ठेवलं. पहिल्याच संध्याकाळी भांडणं सुरू झाली, आणि बरंच झालं. ट्रॅक बरोबर पोरांच्या पिचवरून जात होता. लहान मुलांचं कुंपण थेट उन्हात होतं; दुपारी चारला तिथली घसरगुंडी तव्यासारखी तापली असती. एका आजोबांनी काठीने रेघ पुसून ट्रॅक झाडांच्या बाजूने वळवून दाखवला. तोच आज तिथे आहे.

मीटिंग घ्याच, पण फक्कीनंतर, आणि मैदानातच. आमच्या दुसऱ्या मीटिंगला साठेक माणसं होती. तोवर प्रत्येकाची कुठल्या ना कुठल्या रेघेवर तक्रार तयार होती.

निवृत्तओव्हरसिअर:
ताईंनी छान लिहिलंय. माझी नोकरी बांधकाम खात्यात गेली, म्हणून कागदाचं सांगतो.

पर्वतीपायथा, आधी विकास आराखड्यात त्या जागेवर आरक्षण कशाचं आहे ते बघा. 'उद्यान' आणि 'खेळाचे मैदान' ही वेगळी आरक्षणं आहेत. मैदान असेल तर त्यात हिरवळ, कारंजी, फुलांचे ताटवे भरून पोरांची जागा खाऊ देऊ नका. हा मुद्दा मीटिंगमध्ये पहिल्यांदा मांडलात तर निम्मा वाद तिथेच मिटेल.

पुण्यात २००६-०७ पासून नागरिकांच्या सूचनांसाठी सहभागी अंदाजपत्रक आहे. क्षेत्रीय कार्यालयात अर्ज द्यायचा, साधारण ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमारास मागवतात. तिथे 'बाग सुधारावी' असं मोघम लिहू नका. 'मागच्या फाटकाजवळ पिण्याच्या पाण्याचा नळ', 'ईशान्य कोपऱ्यात दिव्याचा एक खांब' असं एकेक काम लिहा. पोच घ्या, शिक्क्यासकट.

काम मंजूर झालं की त्या कामाच्या अंदाजपत्रकाची (एस्टिमेटची) प्रत मागा. मिळाली नाही तर माहिती अधिकारात अर्ज करा. प्रतीत बघायचं काय? झोपाळ्याखाली काय घालणार. पोरगं पडतं ते तिथे. पेव्हर ब्लॉक किंवा काँक्रीट लिहिलं असेल तर तिथेच हरकत घ्या. वाळू चांगली, मात्र ती अधूनमधून उकरून साफ करावी लागते, नाहीतर मांजरं तिचा ताबा घेतात. रबरी फरशी दिसायला झकास, पण आपल्याकडच्या उन्हात भयंकर तापते, म्हणून सावली नसेल तर नको. आणि ट्रॅकसाठी झाड तोडायचं कुणी म्हणालं तर १९७५च्या वृक्ष कायद्याप्रमाणे वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते.

ठेकेदाराची दोष-दायित्वाची मुदत किती ते लिहून ठेवा. झोपाळ्याची कडी त्या मुदतीत तुटली तर त्यानेच बदलून द्यायची. मुदत संपल्यावर दोन महिन्यांनी लोक जागे होतात, हे मी टेबलाच्या पलीकडून पुष्कळदा पाहिलंय.

लोकलकर:
काका, ओपन जिमबद्दल बोला ना. आमच्या इथे त्या सायकलवर पोरं उलटी लटकतात.

निवृत्तओव्हरसिअर:
लटकणारच. पोरांना लटकायला दुसरं काही ठेवलेलं नसतं. एक लोखंडी आडवा बार आणि चढायला जाळी द्या, जिमची यंत्रं वाचतील.

पर्वतीपायथा:
सगळ्यांचे आभार. काल ऑफिसच्या कॉलमधून निसटून दुपारी अडीच वाजता बागेत गेलो. फाटक बंद. आमच्याकडे अकरा ते चार बंदच असतं, आणि इतकी वर्षं राहून मला हे माहीत नव्हतं. बाहेर कट्ट्यावर डिलिव्हरीची चार पोरं उन्हात बसली होती. आत चिंचेची मस्त सावली. वहीत पहिली नोंद तीच केली.

शेजारच्या सोसायटीतल्या एका आजींना वहीचं सांगितलं तर म्हणाल्या, 'मी खिडकीतून रोज बघतेच, मीच लिहिते की.' संघाच्या नऊ जणांपैकी एकजण असे कामाला लागले.

गोदाकाठची ताई, एक शंका. फक्की आठवडाभर टिकते का? आणि किती लागेल?

गोदाकाठची:
पाऊस नसेल तर टिकते, पण पोरं खेळून पुसतात. रोज संध्याकाळी त्यांच्याकडूनच पुन्हा आखून घ्यायची, आवडीने करतात. दोन पोती आणा. रंगाच्या दुकानात मिळेल. चुना मात्र घेऊ नका, डोळ्यांत जातो.