दोन मीटर रुंद गाडी आणि जुन्या इमारतीचे स्टिल्ट पार्किंग

पाचपाखाडीकर (प्रश्न)

नमस्कार. आईच्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर तिला नेहमीच्या गाडीत चढणे-उतरणे जड जाऊ लागले, म्हणून गेल्या दिवाळीत आम्ही मागे सरकती दारे असलेली सात आसनी गाडी घेतली. आईची सोय झाली, माझी मात्र झोप उडाली. गाडीची रुंदी कागदोपत्री १९९५ मिलीमीटर आहे, आणि आरसे उघडे ठेवून मी स्वतः टेप लावली तेव्हा ती सव्वादोन मीटरच्या आसपास भरली. आमची इमारत नव्वदच्या दशकातली आहे. स्टिल्टमध्ये, म्हणजे इमारतीखालच्या खांबांच्या मोकळ्या तळमजल्यावर, दोन खांबांच्या मधे ४.७ मीटर मोकळी जागा असून त्यात मी आणि शेजारी अशा दोन गाड्या लागतात. आतून बाहेर तोंड करून पाहिले, तर डावी जागा माझी, उजवी त्यांची. मी पांढऱ्या रेषांच्या बरोबर मध्ये गाडी लावतो, तेव्हा दोन्ही बाजूंना जेमतेम सात-सात इंच उरतात आणि मला अक्षरशः मागच्या सरकत्या दारातून सरपटत बाहेर यावे लागते. त्यातही शेजारची गाडी रेषेला चिकटून असेल तर पंचाईत होते.

रस्त्यावरही तीच कथा आहे. ठाण्यात घोडबंदर रोडला मेट्रोच्या कामाच्या पत्र्यांशेजारून जाताना मी श्वास रोखून धरतो, आणि गोखले रोडवर दोन्ही बाजूंना गाड्या उभ्या असल्या की समोरून येणाऱ्या रिक्षावाल्याच्या नजरेला नजर देण्याचे धैर्य होत नाही. गेल्याच महिन्यात डावा आरसा एका टेम्पोला घासला. गाडी विकून लहान घ्यावी, की हे अंगवळणी पडते? अनुभवी सभासदांनी कृपया मार्गदर्शन करावे.

चार_मीटरच्या_आत

स्पष्ट सांगतो, विकावी. आपल्याकडच्या इमारतींचे आराखडे जेव्हा निघाले, तेव्हा रस्त्यावर मारुती ८०० धावत होती आणि तिची रुंदी होती १४४० मिलीमीटर. आपली गाडी तिच्यापेक्षा जवळजवळ पावणेदोन फूट रुंद आहे, खांब मात्र तिथेच उभे आहेत. २००६ च्या अर्थसंकल्पापासून करसवलतीसाठी चार मीटर लांबीची अट आली, रुंदीबद्दल कोणी काही विचारले नाही, म्हणून गाड्या आडव्या वाढत गेल्या. आज चार मीटरच्या आतली नेक्सॉनसुद्धा १८०४ मिलीमीटर रुंद आहे. जपानमध्ये केई या छोट्या गाड्यांच्या वर्गातल्या गाडीला १.४८ मीटर रुंदीची मर्यादा घालून दिलेली आहे. आपल्याकडे असे काही होईल, ही अपेक्षा मी केव्हाच सोडली आहे.

निवृत्त_चालक

विकण्याचा सल्ला मला घाईचा वाटतो. मी एकतीस वर्षे बस चालवली. नियमाप्रमाणे वाहनाची रुंदी आरसे वगळून २.६ मीटरपर्यंत चालते, आणि बस त्या मर्यादेच्या फार आत नसते. याच शहरातून ती रोज जाते, मग आपली दोन मीटरची गाडी का जाणार नाही? आपण उजवीकडे बसतो, त्यामुळे उजवी बाजू दिसते आणि डावी अंदाजाने चालवावी लागते. नवीन माणूस डाव्या बाजूला घाबरून गाडी उगाच उजवीकडे ओढतो, मग समोरचा रिक्षावाला अडतो आणि चूक त्याची वाटते. यालाच आम्ही डावीकडचे जजमेंट म्हणत असू. रविवारी पहाटे मोकळे मैदान गाठावे, पाण्याची रिकामी प्लास्टिकची बाटली आडवी ठेवावी आणि पुढचे डावे चाक तिच्यावरून जाईपर्यंत प्रयत्न करावा. ती चेपल्याचा आवाज आला, की त्या क्षणापूर्वी बाटली काचेतून बॉनेटच्या कोणत्या बिंदूपाशी दिसेनाशी झाली होती ते लक्षात ठेवावे, हवे तर तिथे काचेला छोटी चिकटपट्टी लावावी. पंधरा-वीस वेळा हे केले की पत्र्याची भीती जाते. आणखी एक गोष्ट: लांब गाडीचे मागचे आतले चाक वळणावर पुढच्यापेक्षा आतून जाते, म्हणून डावीकडच्या बोळात शिरताना स्टेअरिंग थोडे उशिरा फिरवावे. कॅमेऱ्यावर मात्र फार विसंबू नये. बाजूचे कॅमेरे आरशांच्या खालीच बसवलेले असतात, त्यामुळे आरसे मिटले की त्यांचे चित्र फसवे होते, आणि पावसाळ्यात तर चिखलच दिसतो.

नेरूळची_वास्तुविशारद

काकांनी रस्त्याचे सांगितले, मी खांबांचे सांगते, कारण हा हिशेब माझ्या रोजच्या कामातला आहे. आपली गाडी मध्यभागी लावण्याची सवय हीच अडचण आहे. आपल्याकडे चालक उजवीकडून उतरतो, म्हणून डाव्या खांबाशी सोडलेले सात इंच निव्वळ वाया जातात. आईंना आणि इतरांना आधी फाटकापाशी उतरवावे, डावा आरसा मिटावा आणि गाडी डाव्या खांबापासून चार इंचांवर उलटी लावावी. उलटी एवढ्यासाठी, की वळणारी पुढची चाके मार्गिकेच्या बाजूला राहतात आणि शेवटच्या क्षणापर्यंत दिशा सुधारता येते.

आता शेजाऱ्यांचे. त्यांची गाडी कोणती ते आपण लिहिले नाही. ती वॅगनआरच्या मापाची, म्हणजे १६२० मिलीमीटर आहे असे धरते. आपल्या रेषेच्या आत २५ सेंटीमीटर उरतील. त्यांनीही गाडी उलटी लावून डावीकडे २३ सोडले, तर आपल्याला दार उघडायला ४८-४९ सेंटीमीटर मिळतात आणि त्यांच्या उजव्या हातालाही तेवढेच राहतात. कोणालाच पांढरी रेषा ओलांडावी लागत नाही. हे तोंडी सांगण्याऐवजी जमिनीवर चाकांसाठी रंगीत पट्टी मारून द्यावी, म्हणजे रोज उठून बोलणे होत नाही. मात्र सोसायटीचा पुनर्विकास होऊन यांत्रिक पार्किंग येणार असेल, तर करार वाचताना पॅलेटवर, म्हणजे गाडी उचलणाऱ्या पाट्यावर, किती रुंदीची गाडी चढते हे आधी विचारावे. लोक फक्त उंची आणि वजन विचारतात, आणि ताबा मिळाल्यावर माझ्याकडे येतात.

पाचपाखाडीकर

सर्वांचे आभार. शेजाऱ्यांकडे वॅगनआरच आहे, ताईंचा अंदाज अचूक निघाला. काल संध्याकाळी आम्ही दोघांनी मिळून टेप धरली, पिवळी पट्टी मारली आणि मी पहिल्यांदाच माझ्या दारातून उतरलो. पोट थोडे आत ओढावे लागले, ते गाडीच्या खाती धरत नाही. काका, बाटलीचा प्रयोग या रविवारी करणार आहे. शेजाऱ्यांचे एकच म्हणणे आहे: त्यांच्याकडे पाहुणे आले आणि गाडी वेडीवाकडी लागली, तर त्या रात्री मी पुन्हा सरकत्या दारातून उतरावे. मी हो म्हटले आहे.