मदत हवी आहे : बिग ब्रूकच्या ओढ्यात मिळालेले दात कोणाचे?

नमस्कार मंडळी, आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो आणि मुलाला (सहावीत आहे) डायनोसॉरचं भयंकर वेड, त्यामुळे अधूनमधून मनमथ काउंटीतल्या बिग ब्रूकला चकरा होतात. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, दिसायला साधाच ओढा आहे, गमबूट घालून फिरता येईल एवढं पाणी, पण काठ आहेत ते क्रिटेशियस काळातल्या समुद्राच्या गाळाचे, साधारण ७ कोटी वर्षं जुने, आणि मोठा पाऊस झाला की काठ ढासळतात आणि त्यातले दात खाली वाळूगोट्यात येऊन पडतात. नियम कडक आहेत, माणशी दिवसाला पाचच वस्तू न्यायच्या, चाळण १८ इंचांपेक्षा मोठी नको, खुरप्याचं पातं ६ इंचांच्या आत आणि काठ अजिबात खणायचा नाही. म्हणून यावेळी मुलाच्या वाट्याचे पाच नग आणलेत त्यांचेच फोटो टाकतोय, स्केलसाठी शेजारी क्वार्टर म्हणजे २५ सेंटचं नाणं आहे (साधारण २४ मिमी).

फोटो १ आणि २ शार्कचे आहेत एवढं आम्हालाही कळलं. १ लांब सुईसारखा आहे, मुळाला दोन पाय फुटलेत आणि आतल्या बाजूला बारीक उभ्या रेघा आहेत. २ छोटा, रुंद, एका बाजूला कललेला, आणि कडेवर नख फिरवलं तर करवतीसारखं लागतं. फोटो ४ म्हणजे तपकिरी पेन्सिलीचा तुकडा वाटतो, दात आहे का तेच माहीत नाही.

खरं भांडण ३ वरून चाललंय. काळा, चकचकीत, वाघनखासारखा वाकलेला, दीडेक सेंमी, मूळ नाहीच, खाली तुटलाय. मुलगा म्हणतो मोसासॉर (तेव्हाचा समुद्रात राहणारा मोठा सरपटणारा प्राणी), आणि त्याने मित्रांना सांगूनही टाकलंय, बायको म्हणते मासा असेल. नेटवरचे फोटो बघून मला दोन्ही पटतात.

५ वा मोठा आहे, दाढ आहे नक्की, वरच्या बाजूला इनॅमलच्या वेड्यावाकड्या घड्या. गाय की घोडा? आसपास पूर्वीपासून शेती आहे त्यामुळे कालपरवाचा पण असू शकतो. कोणी सांगेल का, आणि जुना की नवा हे घरी कसं ओळखायचं?

प्रतिसाद :
फोटो छान काढलेत, बहुतेक लोक हातावर ठेवून हलवून काढतात. १ गॉब्लिन शार्क, स्कॅपॅनोऱ्हिंकस, पुढचा दात, त्या रेघा हीच खूण. २ स्क्वालिकोरॅक्स, लोक क्रो शार्क म्हणतात. दोन्ही तिथे भरपूर मिळतात. ४ दात नाही, बेलेम्नाइट आहे, माकूळच्या जातीच्या प्राण्याच्या अंगातली कांडी. टॉर्चसमोर धरा, मधासारखा उजेड आरपार येतो आणि तुटलेल्या टोकाला मधोमध बिंदूपासून बाहेर जाणाऱ्या रेषा दिसतात. कॅल्साइट (चुन्याचं खनिज) असतं म्हणून व्हिनेगरचा थेंब टाकला तर हलके बुडबुडे येतील, पण तो प्रयोग दातांवर करू नका, ॲसिडने चकाकी जाते.

३ साठी तुटलेल्या बाजूचा सरळ वरून फोटो पाहिजे. मोसासॉरचा दात जाडजूड, आडवा छेद गोलसर, पुढेमागे एकेक बारीक कंगोरा. एन्कोडस नावाच्या माशाचा सुळा चपटा असतो, कडेला धार आणि अंगावर बारीक उभ्या रेघा. तिथे एन्कोडस खूप जास्त सापडतो, मोसासॉर क्वचित.

५ : चावायच्या बाजूला अर्धचंद्र दिसले आणि दोन भागांच्या मध्ये छोटा खांब असला तर गाय. चौकोनी, उंच आणि घड्या जास्त गुंतागुंतीच्या असल्या तर घोडा. पण घोडा निघाला तरी जुनाच असं नाही हं, अमेरिकेतले मूळचे घोडे साधारण १० हजार वर्षांपूर्वी संपले आणि मग युरोपियन लोकांनी परत आणले. मुळाच्या कोपऱ्याला तापलेली सुई टेकवा, केस जळल्याचा वास आला तर बहुधा नवीन. हिमयुगातल्या दातालाही कधीकधी वास येतो, त्यामुळे एवढ्यावरच विसंबू नका.

प्रतिसाद :
ओळखण्यात माझा उपयोग शून्य, पण हे शार्क पोहत होते तेव्हा आपला सह्याद्रीचा काळा पाषाण अजून लाव्हा म्हणून बाहेरही पडला नव्हता, तो साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा! बेसॉल्टमध्ये शार्कचे दात मिळणार नाहीत म्हणून जळून मेलो.

धागाकर्ता :
खूप खूप आभार. ४ टॉर्चसमोर धरला, अगदी मधाचा रंग! ५ ला मध्ये छोटा खांब स्पष्ट दिसतोय म्हणजे गाय, आणि सुई टेकवल्यावर बायकोने खिडक्या उघडल्या. ३ चा खालचा फोटो टाकलाय, मला छेद चपटाच वाटतोय, एका कडेला धार आहे, रेघा भिंगातून दिसतात.

प्रतिसाद :
एन्कोडस. मुलाला सांगा इंग्रजीत याला सेबर-टूथ्ड हेरिंग म्हणतात, म्हणजे खड्गदंती हेरिंग मासा, शाळेत मोसासॉरपेक्षा हेच नाव जास्त चालेल. आणि जमलं तर ट्रेंटनच्या स्टेट म्युझियमला घेऊन जा, न्यू जर्सीत सापडलेले जीवाश्म समोर ठेवून ताडून बघता येतात.