मदत हवी आहे : १४२८५७ च्या वर्गाचे दोन तुकडे मिळवल्यावर पुन्हा १४२८५७ च का येते?

नमस्कार. १४२८५७ ला २ ते ६ पैकी कोणत्याही अंकाने गुणले तरी तेच सहा अंक त्याच क्रमाने, फक्त वेगळ्या अंकापासून सुरू होऊन येतात (३ ने गुणल्यास ४२८५७१), हे येथे अनेकांना परिचित असेल. त्याचे कारण मला समजते. १४२८५७ ही १/७ च्या दशांश रूपात पुन्हा पुन्हा येणारी अंकांची फेरी आहे. १ ला ७ ने भागताना १, ३, २, ६, ४, ५ अशा बाक्या येऊन पुन्हा १ येते, म्हणजे शून्याखेरीज शक्य असलेल्या सर्व बाक्या एकाच फेरीत येऊन जातात. त्यामुळे ३/७ चा भागाकार करणे म्हणजे त्याच फेरीत मधूनच शिरणे होय.

अडचण पुढची आहे. या संख्येचा वर्ग २०४०८१२२४४९ येतो आणि उजवीकडचे सहा अंक वेगळे काढून २०४०८ व १२२४४९ यांची बेरीज केली की १४२८५७ परत मिळते. असा गुण असलेल्या संख्यांना गणितज्ञ द. रा. कापरेकर (१९०५–१९८६) यांचे नाव आहे. त्यांतील ४५ हे उदाहरण (२०२५, २० + २५) बहुधा सर्वांनी पाहिलेले असते.

हा गुण अंकांच्या फेरीतूनच येत असणार, असे मला वाटले. परंतु १/१७ ची सोळा अंकांची फेरी, ०५८८२३५२९४११७६४७, तितकीच परिपूर्ण असूनही तिच्या वर्गाचे सोळा अंकांवर तुकडे केल्यास बेरीज जुळत नाही. उलट १/११ ची फेरी अवघ्या दोन अंकांची असताना, दहा नवांच्या संख्येला ११ ने भागून मिळणाऱ्या ९०९०९०९०९ चा वर्ग ८२६४४६२८०८२६४४६२८१ आहे आणि त्याचे दहा अंकांवर तुकडे केले की बेरीज अचूक जुळते. मग ७ च्या बाबतीत नेमके काय घडते? गणिती कारण हवे आहे, निव्वळ पडताळणी नको.

प्रतिसाद :

आपण दोन स्वतंत्र गुण एकत्र बांधले आहेत. वर्ग म्हणजे डावा तुकडा गुणिले दहा लाख अधिक उजवा तुकडा. म्हणून तुकड्यांची बेरीज ही वर्गापेक्षा डाव्या तुकड्याच्या ९९९९९९ पटीने कमी असते. ती मूळ संख्येइतकी यायची, तर वर्गातून मूळ संख्या वजा केल्यावर उरणाऱ्या १४२८५७ × १४२८५६ या गुणाकाराला ९९९९९९ ने निःशेष भाग जायला हवा. १४२८५७ × ७ = ९९९९९९ असल्यामुळे पहिल्या संख्येत ९९९९९९ चे एका ७ खेरीज सर्व अवयव आहेतच. तो ७ दुसरीत सापडतो, कारण १४२८५६ = ७ × २०४०८, आणि हा २०४०८ म्हणजेच आपला डावा तुकडा. थोडक्यात, १४२८५७ ला ७ ने भागल्यावर बाकी १ उरते, एवढेच कारण आहे. ९०९०९०९०९ ला ११ ने भागल्यावरही १ च उरते.

१७ ची फेरी मात्र १७ ने भागल्यावर ८ बाकी ठेवते, म्हणून ती चुकते. पण ८ × १५ = १२०, आणि १२० ला १७ ने भागल्यास बाकी १; तेव्हा त्या फेरीची पंधरापट करून पाहा. ८८२३५२९४११७६४७०५ ही संख्या, म्हणजे तीच फेरी दोन घरे पुढून सुरू केलेली, आपल्याला हवा तो गुण दाखवते. १३ साठीही हीच युक्ती चालते : १/१३ च्या फेरीची, म्हणजे ७६९२३ ची, १३ ने भागल्यावर बाकी २ असल्यामुळे सातपट घ्यावी लागते, ५३८४६१ मिळते आणि तिचा वर्ग २८९९४०२४८५२१ आहे.